परसांतील कोंबड्या व त्यांचे पोटाचे विकार

जालना जिल्ह्यांतील कोणत्याही खेड्यांत पहांटे शिरलें असतां घरधनी जागा होण्यापूर्वीं जो आवाज कानीं पडतो तो कोंबड्याचा होय. गाईम्हशींचें कौतुक करणारे पुष्कळ आहेत. बैलांचा तर पोळाच साजरा होतो. परंतु कोंबडीचा सण आमच्या ऐकण्यांत नाहीं. तिला कोणी दावणीस बांधीत नाहीं, तिच्यासाठीं कडबा रचून ठेवीत नाहीं, ती आजारी पडली तर वैद्याकडे धांवत जात नाहीं. उकिरडा उकरून ती आपलें पोट भरते आणि सांजेस खुराड्यांत येऊन बसते. एवढ्याशा मोबदल्यांत ती घराला अंडीं देते, आणि पाहुणा आला तर जीवही देते. अशा ह्या गरीब प्राण्याच्या पोटाविषयीं चार शब्द लिहावे असें आम्हांस बरेच दिवस वाटत होतें. विषय थोडा ओंगळ आहे हें आम्ही जाणतों, कारण त्यांत विष्ठेचा उल्लेख वारंवार येणार. तथापि ज्यांच्या परसांत दहापांच कोंबड्या आहेत ते वाचक नाक मुरडणार नाहींत अशी आमची खात्री आहे.

हा विषय क्षुल्लक आहे असें कोणी म्हणेल, म्हणून प्रथम त्याची किंमत सांगतों. ‘जालना सोने का पालना’ अशी आमच्या शहराची जुनी ख्याति आहे. व्यापार, बियाणें आणि लोखंडाचे कारखाने ह्यांनीं ती टिकवून धरिली आहे. पण १ मे १९८१ रोजीं औरंगाबाद व परभणी जिल्ह्यांचे भाग काढून बनविलेला हा जिल्हा शहराबाहेर पाऊल टाकतांच कोरडवाहू शेतकऱ्यांचा होतो. कापूस, सोयाबीन, तूर ह्यांचा पैसा वर्षांतून एकदां येतो, तो कर्त्या पुरुषाच्या हातीं येतो, आणि बहुधा येण्यापूर्वींच वांटला गेलेला असतो. अंड्यांचा पैसा मात्र आठवड्याच्या आठवड्याला येतो आणि तो घरच्या स्त्रीचा असतो. मुलांची वही, मीठमिरची, डोकेदुखीची गोळी, माहेरच्या लग्नांतील आहेर, हे खर्च ती कोणापुढें हात न पसरतां त्यांतून भागविते. २०१२-१३ च्या दुष्काळांत ह्या जिल्ह्यांतील मोसंबीच्या बागा उभ्याच्या उभ्या वाळल्या, तेव्हां पुष्कळ घरांत रोकड म्हणून जी कांहीं दिसली ती चार शेळ्या व चार कोंबड्या ह्यांचीच. म्हणून परसांतील कोंबडी मेली म्हणजे घरांतील एक पक्षी कमी झाला, एवढाच त्याचा अर्थ नसतो.

आमच्या आळींतील एका मावशींची हकीकत येथें सांगणें प्राप्त आहे. ह्या मावशी विधवा असून मोलमजुरी करितात. त्यांच्याकडे तेरा कोंबड्या होत्या. त्यांची मुलगी नववींत शिकत होती, आणि तिला फळ्यावरील अक्षर दिसेनासें झालें होतें. तिच्या चष्म्यासाठीं अंड्यांचे पैसे एका पत्र्याच्या डब्यांत सांठत होते. श्रावण लागला आणि कोंबड्यांनीं अंडीं देणें सोडलें. त्यांचे तुरे फिकट पडले, पंख लोंबूं लागले, दाणा टिपीत असूनही त्या दिवसेंदिवस हलक्या होत चालल्या. आठ दिवसांत तीन मेल्या. कोणी म्हणालें दृष्ट लागली, कोणी म्हणालें गांवांत रोग आला. आळींतील अनुभवी मंडळींनीं सल्ला दिला कीं उरलेल्या बाजारांत विकून मोकळें व्हावें. ह्या सल्ल्याचा अर्थ असा कीं आपला रोग दुसऱ्याच्या खुराड्यांत पोंचवावा. परंतु खेड्यापाड्यांतून तो सर्रास दिला जातो व ऐकलाही जातो.

मावशींनीं तो ऐकला नाहीं. चौथी कोंबडी मेली त्याच सकाळीं ती पिशवींत घालून त्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत गेल्या. त्यांच्याबरोबर आम्हीही गेलों होतों. डॉक्टरांनीं कोंबडीचें पोट उघडलें, आंतडें सोडवून लांब केलें आणि कात्रीनें चिरलें. आंतून पांढरट, बोटाएवढे लांब जंत असे बाहेर पडले कीं कढईंतील शेवयाच पसरल्या.

‘साहेब, दाणा तर मी रोज टाकतें हो,’ मावशी म्हणाल्या, ‘मग ही उपाशी कशी मेली?’

‘मावशी, दाणा तुम्हीं कोंबडीला टाकलात, खाल्ला तो ह्यांनीं,’ डॉक्टर म्हणाले.

तेरांपैकीं सात कोंबड्या वांचल्या. अंडीं पुन्हां सुरू होण्यास दोन महिने लागले. मुलीला चष्मा मिळाला तो दिवाळीची सुटी संपल्यावर. तोंपर्यंत सहामाही परीक्षा होऊन गेली होती. ही हानि कोणत्याही सरकारी वहींत लिहिली जात नाहीं, परंतु ती खरी आहे.

ह्या प्रसंगानंतर आम्हीं ह्या विषयाकडे लक्ष दिलें. जें समजलें त्याचें सार असें कीं, ‘रोग आला’ हें वाक्य निरुपयोगी आहे. कोणता रोग आला हें विचारिलें पाहिजे, आणि त्याचें निम्में उत्तर कोंबडी रोज सकाळीं खुराड्याच्या जमिनीवर लिहून ठेवते.

निरोगी कोंबडीची विष्ठा घट्ट, करड्या-तपकिरी रंगाची असते व तिच्यावर पांढरी टोपी असते. ही पांढरी टोपी म्हणजे तिचें मूत्र होय. पक्षी मूत्र निराळें टाकीत नाहींत. दिवसांतून कांहीं वेळां ती तपकिरी, चिकट व फार दुर्गंधी अशी विष्ठा टाकते. ती पाहून नवखे लोक घाबरतात. परंतु आंतड्याच्या शेवटीं ज्या दोन आंधळ्या पिशव्या असतात त्यांतून ती येते आणि ती अगदीं स्वाभाविक असते. एवढें ओळखतां आलें म्हणजे विकृति ओळखणें सोपें जातें. विष्ठेंत रक्त, खडूसारखा पांढरा चिखल, हिरवें पाणी, अथवा तांदळाच्या कणीसारखे हलणारे तुकडे, हीं चार निरनिराळ्या शत्रूंचीं चिन्हें आहेत. आणि पांचवा शत्रु, म्हणजे गोल जंत, हा बहुधा कांहींच चिन्ह दाखवीत नाहीं. तो कळतो हातानें. कोंबडी उचलून तिच्या छातीचें हाड चांचपावें. दोहों बाजूंस मांस भरलेलें असेल तर ठीक, आणि हाड सुरीच्या धारेसारखें हातास लागलें तर ती कितीही खात असली तरी उपाशी आहे असें समजावें.

ह्या गोल जंताचें राहणें मोठें विचार करण्याजोगें आहे. त्याची मादी कोंबडीच्या लहान आंतड्यांत राहून असंख्य अंडीं घालते. तीं विष्ठेबरोबर बाहेर पडतात, परंतु त्या क्षणीं तीं निरुपद्रवी असतात. ऊब आणि ओल मिळाली तर दहा ते वीस दिवसांत त्यांच्यांत अळी तयार होते. मग दाण्याबरोबर वा पाण्याबरोबर तीं कोंबडीच्या पोटांत गेलीं कीं पांचसहा आठवड्यांत नवे जंत अंडीं घालावयास सिद्ध होतात. सांवलींतील ओलसर मातींत हीं अंडीं महिनोन् महिने जिवंत राहतात. कडक ऊन व कोरडेपणा मात्र त्यांस सोसत नाहीं. मोठी कोंबडी थोडे जंत पोटांत बाळगूनही चालती फिरती राहते. तीन महिन्यांच्या आंतील पिलूं मात्र खंगतें आणि जंतांचा गोळा आंतड्यांत अडकला तर मरतें.

आपल्या कोंबडीची मूळ आजी म्हणजे रानांतील तांबडी रानकोंबडी होय. ती आज ह्या झाडाखालीं तर उद्यां त्या ओढ्याकांठीं चरते. ज्या जागीं विष्ठा टाकली त्याच जागीं वीस दिवसांनीं ती पुन्हां दाणा टिपावयास येईलच असें नाहीं. परसांतील कोंबडी रोज त्याच उकिरड्यावर, त्याच मोरीच्या तोंडाशीं, त्याच खुराड्यांत असते. आपण तिचें रान आंखडून दहा हातांचें केलें, आणि जंताचें काम सोपें केलें. ही गोष्ट ध्यानांत घेतली म्हणजे पुढील सर्व उपाय आपोआप सुचतात.

तांदळाच्या कणीसारखे जे तुकडे वर सांगितले ते फितीसारख्या चपट्या जंताचे होत. ह्याची तऱ्हा निराळी आहे. ह्याचीं अंडीं कोंबडीनें सरळ खाल्लीं तरी तिला बाधा होत नाहीं. तीं आधीं मुंगी, शेणकिडा अथवा माशी ह्यांच्या पोटांत जावीं लागतात, आणि तो किडा कोंबडीनें टिपला म्हणजे जंत तिच्या पोटांत शिरतो. गोल जंतावर चालणारें पिपराझीन ह्या चपट्या जंतावर मुळींच चालत नाहीं. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांस एका दुकानदारानें ‘सर्व जंतांवर एकच’ म्हणून हेंच औषध तीनदां विकलें. कोंबड्या होत्या तशाच राहिल्या, आणि औषधें खोटीं असतात असा त्या गृहस्थांचा ग्रह झाला. औषध खरें होतें. शत्रु दुसरा होता.

रक्त दिसलें तर जंतांचा विचारही करूं नये. ती रक्ती हगवण होय. तिचें कारण डोळ्यांस न दिसणारा एक सूक्ष्म जीव आहे. तीन ते आठ आठवड्यांच्या पिलांवर तो विशेष तुटून पडतो. गोल जंताच्या अंड्यास तयार होण्यास दहा दिवस लागतात, तर ह्याच्या बीजास ओल्या उबदार जमिनींत एकदोन दिवस पुरतात; म्हणून हा रोग एका आठवड्यांत सारें खुराडें रिकामें करितो. पिलें पिसें फुलवून एकमेकांस चिकटून बसतात, खात नाहींत, आणि खालची जमीन लाल होते. येथें जंताचें औषध देणें म्हणजे वेळ दवडणें होय. अँप्रोलियमसारखें औषध पाण्यांतून वेळीं दिलें तर पिलें वांचतात. फिनेल शिंपडून हें बीज मरत नाहीं. जमीन कोरडी करणें, ओला भुसा काढून जाळणें व भांडीं उकळत्या पाण्यानें धुणें हाच मार्ग.

खडूसारखी पांढरी हगवण पहिल्या दोनतीन आठवड्यांच्या पिलांस होते व त्यांची शेंपटाखालची बाजू चिकटून जाते. हिचे जंतु आईच्या अंड्यांतूनच पिलांत उतरतात. म्हणून सायकलीवर पाटी बांधून गांवोगांव रंगविलेलीं पिलें विकणाऱ्यांकडून स्वस्त मिळतात तेवढ्यासाठीं पिलें घेऊं नयेत. चांगल्या उबवणी केंद्रांतून घ्यावीं.

हिरवें पाणी, धापा आणि नंतर मान पिरगळणें, अशीं लक्षणें दिसलीं तर ती मानमोडी. हा रोग १९२६ सालीं जावा बेटांत व इंग्लंडांतील न्यूकॅसल येथें ओळखला गेला. १९२७ सालीं कुमाऊंच्या डोंगरांतील राणीखेत येथें तो दिसला आणि आपल्याकडे त्या गांवाचें नांव त्यास चिकटलें. पुढें १९४० च्या दशकांत मुक्तेश्वर येथील संशोधनसंस्थेंत त्यावर लस सिद्ध झाली. मानमोडीस औषध नाहीं. लस हाच तिचा प्रतिबंध. पहिल्या आठवड्यांत डोळ्यांत वा नाकांत थेंब टाकून एक, पुढें सुमारें चौथ्या आठवड्यांत तिचीच पुनरावृत्ति, आणि आठव्या आठवड्यांत टोंचून दुसरी, असा तिचा साधारण क्रम आहे. जंतांनीं पोखरलेल्या पिलास लस टोंचून पूर्ण लाभ होत नाहीं, यास्तव टोंचण्यापूर्वीं आठवडाभर जंताचें औषध द्यावें असें पशुवैद्य सांगतात. पोटाचा आणि लशीचा असा संबंध आहे हें पुष्कळांच्या गांवींही नसतें.

आतां उपायांकडे वळूं. पिलें दोन महिन्यांचीं होण्याच्या सुमारास जंताची पहिली मात्रा, त्यानंतर दर तीन महिन्यांनीं एक, आणि पावसाळ्याच्या आधीं व नंतर न चुकतां, हा क्रम आमच्या भागास मानवतो. कोणतें औषध व किती, हें कोंबडीच्या वजनावर ठरतें. तें पशुवैद्यांसच विचारावें. जातांना ताजी विष्ठा कागदांत बांधून न्यावी, म्हणजे ते सूक्ष्मदर्शकाखालीं पाहून नेमका शत्रु सांगतील. औषध पाण्यांतून द्यावयाचें तर रात्रीं पाण्याचें भांडें उचलून ठेवावें आणि सकाळचें पहिलें पाणी औषधाचें द्यावें. अशक्त कोंबडी मागें ढकलली जाते, तिला हातानें पाजावें. त्या दिवशीं कोंबड्या खुराड्यांतच ठेवून पडलेले जंत व विष्ठा गोळा करून पुरावी. नाहीं तर पोटांतील शत्रु अंगणांत नेऊन पेरल्यासारखें होतें. आंतड्याच्या अस्तरांत दडलेले बाल जंत पहिल्या मात्रेस दाद देत नाहींत, यास्तव दोनतीन आठवड्यांनीं दुसरी मात्रा द्यावी लागते. औषधानंतर किती दिवस अंडीं खाऊं वा विकूं नयेत हेंही विचारून घ्यावें. दुसऱ्याच्या ताटांत औषध वाढणें बरें नव्हे.

परंतु औषध पोट स्वच्छ करितें, जमीन नव्हे. जमीन तशीच राहिली तर महिन्या-दोन महिन्यांत पोट पुन्हां भरतें. आमच्या जिल्ह्याची काळी माती कापसाला उत्तम, पण कोंबडीला वाईट. उन्हाळ्यांत ती भेगाळते, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाणी धरून बसते. म्हणून खुराड्याखालीं वीतभर मुरूम घालून चोपावा आणि तो ओटा अंगणाहून उंच करावा. कोंकणांत भाताचें तूस सहज मिळतें, तें आपल्याकडे नाहीं. पण भुईमुगाचीं टरफलें, लाकडाचा भुसा अथवा तुरीचें वाळलें भुसकट आहे. त्याचा चार बोटें थर द्यावा, दोन दिवसांआड उलथावा आणि ओला भाग लगेच काढावा. खुराड्याचें तोंड पूर्वेस असावें, म्हणजे सकाळचें ऊन आंत येईल. दाणा जमिनीवर न फेंकतां फुटक्या माठाच्या खापरींत वा जुन्या पन्हळींत घालावा. पाण्याचें भांडें दोन विटांवर ठेवावें, म्हणजे कोंबडीचा पाय व विष्ठा त्यांत पडणार नाहीं. टंचाईच्या दिवसांत कोंबड्यांस पाणी न ठेवल्यामुळें त्या मोरीचें पाणी पितात. वाटीभर स्वच्छ पाण्याची ती काटकसर महाग पडते. लहान पिलें मोठ्यांत मिसळूं देऊं नयेत, कारण मोठी कोंबडी जे जंत सहज पचविते त्यांनींच पिलूं मरतें.

अलीकडे हैदराबादची वनराजा व बंगळूरची गिरिराजा ह्या जाती आमच्या खेड्यांत आल्या आहेत. देशी कोंबडीपेक्षां त्यांचें वजन व अंडीं दोन्हीं अधिक. मात्र अधिक पक्षी थोड्या जागेंत कोंडले कीं रक्ती हगवणीस आमंत्रण मिळतें, हें घेणारांनीं विसरूं नये. जालन्याजवळ खरपुडी येथें कृषि विज्ञान केंद्र आहे. तेथें विचारणाऱ्यास माहिती मिळते.

लसूण, कडुनिंबाचा पाला, पपईच्या बिया हे घरगुती उपाय आमच्या आजीही करीत असत. ते करण्यास आमचा विरोध नाहीं. कडुनिंब स्वस्त आहे आणि हेतु चांगला आहे. पण जंतांनीं आंतडें भरलेलें असतां त्यांच्यावर विसंबणें म्हणजे घर पेटलें असतां ओंजळीनें पाणी शिंपडणें होय. दृष्ट काढण्याविषयींही आमचें तेंच म्हणणें. मीठमोहऱ्या ओंवाळून चुलींत टाकावयास कांहीं मिनिटें लागतात, तीं खुशाल खर्चावीं. पण त्यानंतर कोंबडी उचलून तिची छाती चांचपावी. कोंबडें झांकल्यानें उजाडावयाचें राहत नाहीं, तद्वत् खुराड्याचें दार लावून घेतल्यानें रोग शेजारीं जावयाचा राहत नाहीं. आपल्या कोंबड्या आजारी असतील तर त्या बाजारांत नेऊं नयेत आणि शेजाऱ्यास सांगावें. मेलेली कोंबडी उकिरड्यावर वा नदींत न टाकतां खोल खड्ड्यांत चुना घालून पुरावी, आणि हात साबणानें धुवावे. कारण जंत जरी कोंबडीचेच असले तरी तिच्या विष्ठेंतील कांहीं जंतु मनुष्यासही बाधतात.

ह्या सर्व खटाटोपास खर्च किती? जंताचें औषध एका कोंबडीच्या किंमतीहून पुष्कळ स्वस्त पडतें. मुरूम ओढ्याकांठचा, टरफलें घरचीं, आणि बाकी सर्व रोज सकाळचीं पांच मिनिटें. हीं पांच मिनिटें घरांतील शाळकरी मुलांनीं द्यावीं असें आम्ही सुचवितों. आईला पहांटेपासून दुसरीं शंभर कामें असतात, आणि विष्ठेची टोपी पांढरी आहे कीं हिरवी हें पाहण्यास तरुण डोळे अधिक उपयोगी. ज्या वह्यापुस्तकांवर आपण शिकतों त्यांतील कांहीं तरी ह्या पक्ष्यांनीं दिलेल्या अंड्यांतून आलेलीं आहेत. वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं खुराडें असेल त्यांनीं उद्यां सकाळीं दार उघडतांना क्षणभर खालीं वाकून पाहावें, एवढी विनंति करून आम्ही रजा घेतों.